पैसे पडले का? दुकानात मोबाइलवरून पैसे घ्यायची पद्धत, क्रमाने

सांगलीतल्या गणपती पेठ, मारुती रोड आणि मिरजेकडची मिळून वीस-बावीस लहान दुकानांचे हिशेब मी लिहितो. किराणा, कापड, भडंग, स्टेशनरी, दोन गॅरेज. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वह्या उघडल्या की तीच वाक्यं कानावर येतात. "टिक दाखवली हो त्यानं, पण पैसे पडलेच नाहीत." "बॉक्स बोलला नाही म्हणून रोख घेतले, आता तो भांडायला आलाय." "खातं होल्डवर गेलंय, काय करू?"

खोदत गेलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं. स्कॅनर आधी चिकटवलेला असतो आणि तयारी मागाहून, तीही अर्धवट झालेली असते. पेठेत क्यूआर कोडला सगळे स्कॅनरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितोय. बॉक्स म्हणजे जमा झालेली रक्कम बोलून दाखवणारी पेटी, साउंडबॉक्स. खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. ज्यांचा स्कॅनर आधीच लागलाय त्यांनीही पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी, कारण सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका पहिल्या दोन पायऱ्यांतच होतात.

१. स्कॅनर मागवण्याआधी: खातं, नंबर, फोन

दुकानासाठी वेगळं खातं ठेवा. चालू खातं उत्तम. उलाढाल लहान असेल तर बँकेत आधी विचारून घ्या, पण घरखर्चाचं, पीककर्जाचं किंवा मुलीच्या लग्नासाठी ठेवी ठेवलेलं खातं स्कॅनरला जोडू नका. याची दोन कारणं आहेत. एक, कधी खात्यावर होल्ड आला, म्हणजे बँकेने पैसे रोखून धरले, तर सगळं घर अडकतं. दोन, भावाने पाठवलेले पैसे आणि दुकानाची विक्री एकाच यादीत आली की वर्षाअखेरीस कुठली रक्कम कशाची हे सिद्ध करत बसावं लागतं.

त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मालकाच्या नावावरचा आणि मालकाच्याच हातातला असावा. पुतण्याने खातं उघडून दिलं, नंबर त्याचाच दिला, आता तो पुण्याला नोकरीला गेला, असली प्रकरणं मी दर वर्षी पाहतो. यूपीआयची सगळी कुलूप-किल्ली त्या नंबरावर आहे. रिचार्ज न करता सिम पडून राहिलं तर नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. म्हणून बँकेचा नंबर चालू ठेवा.

फोनला स्क्रीन लॉक लावा. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, योजनेचा अर्ज अशा नावाची एपीके फाइल त्या फोनमध्ये कधीही उघडू नका. ती फाइल म्हणजे एक ॲपच असतं. एकदा बसलं की तुमचे मेसेज वाचतं आणि ओटीपी पुढे पाठवतं.

*तपासा:* बँकेचा जमा-नावे मेसेज दुकानातल्या फोनवर येतो का? येत नसेल तर इथेच थांबा. शाखेत जाऊन ते सुरू करून घ्या, मगच पुढे जा.

२. स्कॅनर दुकानाचाच घ्या, स्वतःचा खासगी लावू नका

आपल्या फोनमधल्या ॲपचा खासगी क्यूआर छापून लावणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. पैसे येतात, त्यामुळे चुकलंय हे कळतच नाही. पण तो व्यक्तीचा क्यूआर असतो. त्यावर रुपे क्रेडिट कार्ड जोडून यूपीआय करणाऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे जात नाहीत, कारण ती सोय फक्त व्यापारी क्यूआरवर आहे. दुकानाच्या नावाची पावती येत नाही. व्यापारी ॲपमधली परतावा देण्याची, कामगाराला फक्त जमा बघू देण्याची सोयही मिळत नाही.

व्यापारी क्यूआर बँकेतून किंवा कुठल्याही मोठ्या ॲपच्या व्यापारी आवृत्तीतून मिळतो. आधार, पॅन, बँक पासबुक आणि असल्यास शॉप ॲक्ट किंवा उद्यमची प्रत तयार ठेवा. घेताना तीन प्रश्न विचारा.

पैसे बँकेत कधी जमा होणार? काही ठिकाणी लगेच, काही ठिकाणी दिवसातून ठरलेल्या वेळी, काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी. "ॲपमध्ये दिसतात, बँकेत नाहीत" या तक्रारींपैकी निम्म्यांचं उत्तर या एका प्रश्नात असतं.

कशावर पैसे कापणार? बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क नाही. १ जानेवारी २०२० पासून हा नियम आहे. त्यामुळे "स्कॅन केलं तर दोन रुपये जास्त" असं गिऱ्हाइकाला सांगू नका, तुमचं काही कापलेलंच नसतं. रुपे क्रेडिट कार्डावरून आलेल्या रकमेचं गणित वेगळं असतं. लहान व्यापाऱ्याला २००० रुपयांपर्यंत त्यात सूट आहे, त्यावरच्या रकमेवर शुल्क लागू शकतं. तुमचा दर लेखी मागा.

साउंडबॉक्सचं भाडं किती, आणि बॉक्स परत केल्यावर ते कापणं बंद कसं करायचं? दुसरा भाग कुणी विचारत नाही. मग बंद पेटीचं भाडं सहा-सहा महिने कापलं जातं.

*सावध:* स्कॅनर बसवायला आलेल्या माणसाच्या हातात फोन देऊ नका. "थांबा साहेब, तुम्ही सांगा, मी दाबतो," एवढं म्हणायला संकोच कशाला? बसवण्याच्या कामात यूपीआय पिन त्याला सांगायची गरज कधीच नसते. पिन मागितला, किंवा फोनची स्क्रीन लांबून दिसेल असं ॲप टाकायला सांगितलं, तर काम तिथेच थांबवा.

३. कुठे आणि कसा लावायचा

एकच स्कॅनर पुरतो. कुठल्याही यूपीआय ॲपने कुठलाही यूपीआय क्यूआर वाचता येतो. फोनपेवाल्याला फोनपेचा आणि गुगल पेवाल्याला त्याचाच लागतो हा गैरसमज आहे. एकाच काउंटरवर चार स्टिकर लावलेले मी पाहिलेत. पैसे तीन खात्यांत जातात, बॉक्स एकाचाच असतो, आणि उरलेल्या तिघांचे पैसे पडले की नाही हे रात्रीपर्यंत कुणाला कळत नाही.

लावायची जागा काउंटरच्या आत, काचेखाली, तुमच्या नजरेसमोर. शटरबाहेर किंवा खांबावर रात्रभर राहिलेल्या स्कॅनरवर दुसरा स्टिकर चिकटवायला एक मिनिट लागतं. स्टिकरच्या कडेवरून अर्धी स्टिकरवर आणि अर्धी काउंटरवर येईल अशी पक्क्या मार्करने सही करून ठेवा. वरून काही चिकटवलं तर सही तुटलेली दिसते. हातगाडीवाल्यांनी लॅमिनेट केलेला स्कॅनर काट्याला अडकवावा आणि रात्री घरी न्यावा.

*रोज सकाळची तपासणी:* गल्ल्याची पूजा झाली की घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्कॅनर वाचा आणि १ रुपया टाका. नाव दुकानाचं आलं का, रुपया तुमच्याच खात्यात आला का, बॉक्स बोलला का, तिन्ही एकदम कळतं.

४. बॉक्स

बॉक्सबद्दल थोडंच सांगायचंय. तो मराठीत बोलेल असा लावून घ्या. रात्री चार्जिंगला लावा. पंख्याच्या आणि गिरणीच्या आवाजात रक्कम ऐकू येईल इतका मोठा ठेवा, कारण "प्राप्त झाले" एवढंच ऐकून माल देणारे पुष्कळ आहेत. ५०० ऐवजी ५० पडले तरी सूर तोच असतो.

बॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं. रेंज गेली की तो गप्प बसतो, पैसे मात्र आलेले असू शकतात. उलट, बॉक्ससारखा आवाज गिऱ्हाइकाच्या फोनमधूनही वाजवता येतो. म्हणून बॉक्स हा इशारा समजा. शंका आली की ॲपमधली जमेची यादी उघडायचीच.

५. गिऱ्हाईक समोर उभं असताना

खरी कसोटी इथे आहे. सणाच्या आधीच्या संध्याकाळी काउंटरवर आठ माणसं असतात, दोघं रोख देतायत, चौघं स्कॅन करतायत, आणि एक जण फोन उंच धरून "झालं बघा" म्हणत पिशवी उचलतोय. त्या गर्दीत डोकं चालत नाही, सवयच चालते. म्हणून क्रम अंगवळणी पाडून घ्या.

पहिलं, एकूण रक्कम मोठ्याने सांगा.

दुसरं, त्याने स्कॅन केल्यावर "नाव काय दिसतंय?" असं विचारा. आता ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं. ते तुमचं नसेल तर स्टिकर बदललाय हे पहिल्याच गिऱ्हाइकाला कळेल. नाव ओळखू येत नसेल तर त्याला थांबवा. पैसे जाण्याआधी थांबवलं तर काहीच नुकसान नाही.

तिसरं, रक्कम तो टाकेल, पिन तो टाकेल. त्या वेळी तुम्ही मान दुसरीकडे वळवा. म्हाताऱ्या आजींनी "तूच टाक रे बाळा, चोवीस बत्तीस आहे" म्हणून पिन सांगितला तरी टाकू नका. प्रेमाने सांगा, "आजी, हा कुणालाच सांगायचा नाही, मला पण नाही." उद्या त्यांच्या खात्यात काही झालं तर पहिला संशय तुमच्यावर येईल. आणि त्यांना ही सवय लागली तर पुढचा दुकानदार तुमच्यासारखाच असेल याची खात्री कोण देणार?

चौथं, पैसे पडल्याची खात्री तुमच्याकडच्या साधनावर करा. बॉक्सवर रक्कम ऐका, किंवा व्यापारी ॲपच्या यादीत बघा, किंवा बँकेचा मेसेज वाचा. यातलं एक तरी हवं.

पाचवं, माल द्या.

*सावध:* गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी टिक हा पुरावा नाही. खऱ्या ॲपसारखी दिसणारी खोटी ॲप आहेत. त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम टाकली की टिक, वेळ, क्रमांक, आवाज सगळं हुबेहूब येतं. स्क्रीनशॉट तर कालचाही असू शकतो. मेसेज दाखवला आणि तो साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला असेल, तर तो बँकेचा नाही.

ओळखीच्या माणसाला "थांब" म्हणणं जड जातं, हे मला कळतं. त्यावर एका भडंगवाल्या मामांचं वाक्य मी सगळ्यांना सांगतो: "तुझ्याकडनं गेलं ते दिसलं, माझ्याकडं पडू दे की." कुणाचा अपमान होत नाही आणि दहा सेकंदात निकाल लागतो.

६. अडकलेले पैसे

त्याच्या खात्यातून गेले, तुमच्याकडे आले नाहीत. भांडणं होतात ती इथेच. घाई न करता असं करा.

आधी दोघांनीही ॲपमधली स्थिती बघा. "प्रलंबित" किंवा "प्रोसेसिंग" असेल तर चार-पाच मिनिटं थांबा. त्याला लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करायला लावू नका, बऱ्याच वेळा दोन्ही रकमा येतात.

तरीही आले नाहीत तर रोख घ्या, किंवा ओळखीचा असेल तर उधारीत लिहा. त्याच्या ॲपमधला १२ आकडी व्यवहार क्रमांक वहीत टिपा आणि नियम सांगा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले आणि व्यापाऱ्याला पोचल्याची खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. हे ऐकलं की माणूस शांत होतो, कारण पैसे दुकानदाराने खाल्ले नाहीत हे त्याला पटतं.

रोख घेतल्यावर उशिरा पैसे पडले तर व्यापारी ॲपमधल्या परताव्याच्या सोयीने त्याच व्यवहारावर परत करा. दुसऱ्या नंबरावर पाठवू नका.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठेत आलं ते दिवस आठवा. वीज गेली की टॉवर फार काळ टिकत नाहीत. जून ते सप्टेंबर गल्ल्यात सुट्टे जास्त ठेवा, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी उधारीची छोटी वही काउंटरवरच असू द्या. रेंज नसताना "नंतर पाठवतो" असं म्हणणाऱ्याचं नाव आणि रक्कम त्याच क्षणी लिहा.

७. पैसे उलटे मागणारे

एक गोष्ट पाठ करा आणि काउंटरवरच्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि पैसे घेणाऱ्याने काही स्कॅन करायचं नसतं. पिन टाकला की पैसे फक्त जातात.

मोठ्या ऑर्डरचा फोन याच नियमावर पकडता येतो. "लष्करातून बोलतोय, साठ पाकिटं भडंग पाहिजे, आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे तुमच्याकडे जमा होतील." स्कॅन केलं आणि पिन टाकला की तुमचेच पैसे जातात. खऱ्या गिऱ्हाइकाला तुमच्या स्कॅनरचा फोटो पाठवा, तो त्यावर टाकेल. माणसा-माणसांतली पैसे मागण्याची विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झालीय, तेव्हा "विनंती पाठवलीय, मान्य करा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा.

"चुकून तुमच्याकडे पाच हजार आले, परत करा" असा फोन आला तर मेसेज बघू नका, खात्यातली शिल्लक बघा. पैसे आलेच नसतील तर विषय संपला. खरोखर आले असतील तरी स्वतःहून पाठवू नका. त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा आणि तुम्ही तुमच्या शाखेला लेखी कळवा.

याहून मोठा धोका दिसायला अगदी साधा असतो. अनोळखी माणूस येतो आणि म्हणतो, "एटीएम बंद आहे हो, चार हजार स्कॅन करतो, रोख द्या." पैसे खरेच पडतात. तुम्ही रोख देता. आठवड्याने कळतं की ते कुणाच्या तरी फसवणुकीतले होते. पोलिसांच्या सूचनेवरून बँक तुमच्या खात्यातली ती रक्कम, कधी कधी सगळं खातंच, रोखून धरते. तक्रार दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर ते सोडवायला महिने जातात. माल विकला असता तर बिल दाखवता आलं असतं, रोख दिल्याचा कागद कुठून आणणार? अनोळखी माणसाला स्कॅनवर रोख देऊ नका, कितीही अडलेला वाटला तरी. आणि मोठ्या विक्रीचं बिल, गिऱ्हाइकाच्या नंबरासह, नेहमी फाडा.

८. कामगार आणि घरची माणसं

जेवायला घरी जाताना फोन आणि पिन पोराकडे देऊन जाऊ नका. बऱ्याच व्यापारी ॲपमध्ये कामगाराला फक्त जमा बघता येईल असं वेगळं लॉगिन देता येतं, ते द्या. "बॉक्स बंद आहे, माझ्या नंबरावर टाका" असं काउंटरवर कुणीही, घरच्यानेसुद्धा, म्हणायचं नाही हा नियम पहिल्या दिवशीच सांगा. संशय घेण्यासाठी हे सांगत नाही. हिशेब स्वच्छ राहिला तर उद्या त्या पोरावर आळ येत नाही.

९. रात्रीचा ताळा

शटर ओढण्याआधी दहा मिनिटं काढा. रोजमेळात रोख आणि स्कॅनर असे दोन रकाने करा. ॲपमधली दिवसाची एकूण जमा स्कॅनरच्या रकान्यात लिहा. आदल्या दिवशीची बँकेत पोचली का ते पासबुकाशी जुळवा. फरक असेल तर कारण शेजारी लिहा: परतावा, शुल्क, भाडं, उद्या येणार. महिनाभराचा फरक एकदम शोधायला बसलात तर सापडत नाही.

कराच्या भीतीने स्कॅनर काढून टाकणारेही मला भेटतात. कर्नाटकात २०२५ साली लहान व्यापाऱ्यांना यूपीआयच्या जमेवरून नोटिसा गेल्या, तेव्हापासून ही भीती वाढलीय. जीएसटीची नोंदणी पैसे कसे घेतले यावर ठरत नाही, उलाढालीवर ठरते. आपल्याकडे फक्त मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख ही मर्यादा आहे, आणि त्यात रोख आणि स्कॅनर दोन्ही धरायचे. आयकरात तर अंदाजित नफ्याची पद्धत निवडणाऱ्या लहान व्यापाऱ्याला रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरावा लागतो आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. स्कॅनरचे पैसे इथे उलट फायद्याचे आहेत. मात्र त्यात घरचे पैसे मिसळलेले नसावेत, म्हणून तर पहिली पायरी.

१०. गडबड झालीच तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी १९३० ला फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी रोखता येतात, म्हणून मिनिटं मोलाची आहेत. फसवणाऱ्याला पुन्हा पुन्हा फोन करून ती घालवू नका. मग बँकेला कळवून यूपीआय बंद करायला सांगा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. १२ आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा. त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

फोन हरवला असेल तर आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा, मग संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा.

*सावध:* मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. शोधात वर येणारे बरेच क्रमांक ठगांनीच पेरलेले असतात. बँकेचा क्रमांक पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो. तो आणि १९३० आजच एका कागदावर लिहून गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

बँकेने दाद दिली नाही, किंवा तक्रार करून ३० दिवस झाले तरी उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. त्यासाठी बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून शाखेत तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी द्या, तक्रार क्रमांक घ्या आणि तो रोजमेळाच्या त्याच तारखेच्या पानावर लिहा.